फाइल गोंदियाला गेली आहे, माय

गिरजामाय, तू गेलीस त्या सकाळी फोन तुझ्याच मोबाईलवरून आला. तुझं नाव दिसलं आणि पलीकडचं काही ऐकून घ्यायच्या आधीच मी सवयीनं म्हणालो, "माय, अजून काही आलं नाही बरं. आलं की मीच कळवतो."  मग तुझ्या जावेचा, कमलाबाईंचा आवाज आला. "गिरजा गेली जी, बाबू. सकाऊन उठलीच नाई. मोबाईलात तुमचाच नंबर पयला होता."

म्हणजे तुला उद्देशून बोललेलं माझं शेवटचं वाक्यही तेच निघालं. आणि तेवढं तरी तुझ्या कानावर पडलं नाही, हे बरं झालं की वाईट, ते मला ठरवता येत नाही.

तीन दिवस झाले. आज लिहायला बसलोय. तुझ्याशी मी असं पुस्तकी कधी बोललो नाही. पण सतरा वर्षं फौजेत कारकुनी केली, बंदूक फक्त परेडला उचलली. नंतर भंडाऱ्याला माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात पुन्हा कारकुनीच. कागद समोर आला की हात आपोआप हीच भाषा काढतो. "बाबू, तू कागदावानी बोलून राहिला," असं म्हणून तू हसायचीस. आज तेवढं चालवून घे.

भोजराज पेटीतून आला त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा पाहिलं. रजा संपवून तो परत निघाला होता. वरच्या ठाण्याकडे जवानांना घेऊन जाणारा ट्रक वळणावरून दरीत गेला, त्यात तो होता. सव्वीस वर्षांचा पोरगा, लग्न ठरायचं होतं. त्याचा बाप तो शाळेत असतानाच गेलेला. तुला दुसरं लेकरू नव्हतं. सिहोऱ्याजवळच्या तुझ्या त्या लहानशा गावात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक घरांच्या कौलांवर चढले होते.

फौजेच्या लोकांनी घडी केलेला तिरंगा तुझ्या हातात दिला. मी कार्यालयाकडून फुलांचं चक्र घेऊन आलो होतो आणि तुझ्या बाजूलाच उभा होतो. तू माझ्याकडे वळलीस आणि अगदी हळू विचारलंस, "हे धुवाले चालते का जी? एका कोपऱ्याले माती लागली." इतकी परिपत्रकं मला पाठ होती, पण या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकातही नव्हतं. मी नुसती मान हलवली. तू पदराच्या टोकानं तो कोपरा पुसत राहिलीस.

मग एका पुढाऱ्यानं माईक घेतला. वीरमातेला सरकार पाच एकर जमीन देईल, गावाच्या तोंडाशी भोजराजच्या नावाची कमान उभी राहील, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरण पेटलेलं आणि टाळ्या. तू टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होतीस. तुला वाटलं असेल, एवढी माणसं म्हणतात तर होईल.

माझ्या खिशात त्या वेळी पलटणीकडून आलेल्या कागदाची नक्कल होती. त्यात मृत्यूचं कारण एका ओळीत लिहिलेलं होतं आणि त्या ओळीत मोहीम, लढाई, शत्रू यांतला एकही शब्द नव्हता. नियम मला माहीत होता. आघाडीवर, मोहिमेत जो पडतो, त्याच्या घरच्यांना राज्य सरकार शहिदाचे घरचे म्हणून जमीन देतं, मदत देतं. रस्त्यात अपघात झाला तर फौजेचं पेन्शन मिळतं, पण राज्याचं ते बाकीचं मिळत नाही. आणि 'शहीद' हा शब्दही मिळत नाही. हे त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं. पण टाळ्या चालू होत्या. उद्या सांगू, असं म्हटलं. अकरा वर्षं मी तेच म्हणत राहिलो.

फौजेचं पेन्शन तुला लवकरच सुरू झालं. त्यात तुझं भागायचं. पैशाचं गाऱ्हाणं तू माझ्यापुढे एकदाही घातलं नाहीस. राज्याच्या मदतीची फाइल मात्र वेगळी होती, आणि ती पहिल्या पायरीलाच अडकली. खरोखर अडकली. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू दे. भोजराज मामाकडे राहून शिकला आणि तिथूनच भरती झाला. मामाचं गाव तिरोडा तालुक्यातलं. भरतीच्या कागदावर तेच गाव आणि पुढे जिल्हा भंडारा. नंतर जिल्हा फुटला. तिरोडा गोंदियात गेलं, तुझं गाव भंडाऱ्यात राहिलं. मग हा जवान कोणत्या जिल्ह्याचा? फाइल गोंदियाला पाठवावी लागली.

"पोरगा माह्या पोटचा, मी सिहोऱ्याकडली, अन् कागद गोंदियाले कायले गेला?" तू विचारलंस.

"जिल्हा फुटला ना, माय."

"जिल्हा फुटला तं फुटो. माय तं नाई फुटली!"

आख्खं कार्यालय हसलं. तूही हसलीस, तोंडाला पदर लावून. भोजराज गेल्यानंतर तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाच महिन्यांनी फाइल परत आली. पाठोपाठ वरून पत्रही आलं. 'सदर जवान रजेवरून परतत असताना, नेमणुकीच्या ठाण्यावर हजर होण्यापूर्वी वाहन अपघातात मयत झाल्याने विशेष मदतीस पात्र नाही.' वाचून मी ते पत्र टेबलावर ठेवलं. तू मंगळवारी येणार, तेव्हा बसवून, पाणी देऊन, नीट समजावून सांगायचं, असं ठरवलं.

मंगळवारी तू आलीस ती पिशवीतून भोजराजचे दोन फोटो काढतच. एक शाळेतला, एक वर्दीतला. तुमसरच्या फोटोवाल्याकडून मोठे करून आणले होतेस. दोन्ही माझ्यापुढे मांडलेस आणि म्हणालीस, "कमानीवर कोनता बरा दिसन, सांग. तुले समजते यातलं." पत्र त्या फोटोंच्या खाली होतं. मी एक फोटो उचलला, वर्दीतला. म्हणालो, "हा." मग पत्र कागदांच्या गठ्ठ्यात सरकवलं आणि म्हणालो, "फाइल गोंदियालाच आहे, माय. थोडा वेळ लागेल."

ते पहिलं खोटं.

त्यानंतर खोटं बोलायला काही लागलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी तू यायचीस. तुमसरला एक बस, तिथून भंडाऱ्याची दुसरी. रिकाम्या हातानं कधी आली नाहीस. कधी लाखोरीची डाळ, कधी शिंगाडे, कधी घरच्या धानाचे पोहे. मी नको म्हटलं की रागवायचीस. "पोराच्या घरी माय रिकामी येते का?" कार्यालयात नवीन कोणी विधवा आली, घाबरलेली, कागद छातीशी धरलेली, तर बाकावर तू तिला जवळ बसवायचीस आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगायचीस, "या बाबूपाशी जा. हा खरं सांगते." मला ऐकू जायचं. मी मान खाली घालून शिक्के मारत राहायचो.

माझी आई गेली तेव्हा तू वरठीला माझ्या घरी आलीस. कोणी कळवलं, मला आजही ठाऊक नाही. डब्यात भात आणि पिठलं घेऊन आली होतीस. सुतकाच्या घरी नात्यातली माणसं आणतात तसा कडू घास. माझ्या सख्ख्या मावशीनं आणला नव्हता. तू चुलीजवळच बसलीस, मला आणि माझ्या बायकोला, शोभाला, वाढलंस, आम्ही जेवेपर्यंत हलली नाहीस. जाताना शोभाच्या पाठीवरून हात फिरवलास. तू गेल्यावर शोभा मला म्हणाली, "या बाईले तुम्ही अजून सांगितलं नाही? सांगून टाका ना एकदाचं. काय भीती आहे तुम्हाले?"

"सांगतो."

"कधी?"

मी उठून अंगणात गेलो. बायकोशी त्या दिवशी भांडलो असतो तर निदान काहीतरी ठरलं असतं.

आणि मग तो दिवस. सहावं की सातवं वर्ष असेल. जेवणाची सुट्टी होती, माझं टेबल होतं त्या व्हरांड्यात कोणी नव्हतं. तू बाकावर, मी खुर्चीवर. तू अचानक म्हणालीस, "बाबू, एक गोस्ट सांगू का? कोनाले सांगजो नको. कमलालेही मालूम नाई."

मी हो म्हणालो.

"त्याचं तिकीट शुक्रवारचं होतं. मीच म्हटलं, दोन रोज थांब, धानाचा रोवना आटपू दे. लावाले बाया भेटून नोत्या राहिल्या, धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले होते. तो म्हने, माय, लवकर गेलेलं बरं असते, वर चढाले गाडी कवा भेटन सांगता येत नाई. मी आयकलं नाई. दोन रोज माह्यासंगं गुडघाभर चिखलात उभा राहिला. पुरा रोवना लावला त्यानं. मंग गेला." तू पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होतीस. "त्याच्या पलटनीतला एक पोट्टा आला होता भेटाले. तो सांगून गेला. दोन रोजाआधी जी गाडी गेली ना, ते सुखात पोचली. सारे पोचले."

तू रडत नव्हतीस. तू रडली असतीस तर मी पाणी आणायला उठलो असतो. तू माझ्याकडे बघत होतीस.

"मले जमीन नको. कमान नको. सरकारनं एवढं लिहून देल्लं का तो देशाच्या कामावर मेला, तं मंग तो माह्या रोवन्यापायी नाई मेला. व्हय ना?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"कागदाले टाइम लागत असन तं राहू दे. तूच सांग. तू सरकारी मानूस आहेस. तुह्या तोंडानं सांग, माह्या पोराचं मरन कामावरचं व्हय का नाई?"

आणि मी म्हणालो, "वरून पत्र आल्याशिवाय मी कसं सांगू, माय?"

हे वाक्य मी रोज दहा जणांना म्हणतो. तोंडात बसलेलं वाक्य आहे. ते निघून गेलं. तू "बरं" म्हणालीस, पिशवी उचललीस, आणि तीनची बस चुकेल म्हणून निघालीस. पत्र माझ्या मागच्या कपाटात होतं. तू बसली होतीस तिथून चार हातांवर.

त्या दिवसापर्यंत मी भित्रेपणानं गप्प होतो. त्यानंतर दयेनं गप्प राहिलो, अशी मी स्वतःची समजूत घातली. 'ठाण्यावर हजर होण्यापूर्वी' हे तीन शब्द तुला वाचून दाखवायचे म्हणजे तुझ्या हातात काय द्यायचं, ते मला आता कळलं होतं. सरकारच तुला सांगणार होतं की तो पोचला नव्हता. का पोचला नव्हता, ते तुला एकटीला ठाऊक.

एक केलं, तेही सांगतो. त्या आठवड्यात मी फेरविचाराचा अर्ज लिहिला. आयुष्यात इतका जीव लावून मी कागद लिहिला नव्हता. लिहिलं की रजा संपवून हजर व्हायला निघालेला जवान हा कामावरच निघालेला असतो. तो ट्रक फौजेचा, तो रस्ता फौजेचा, ती दरी त्या ठाण्याच्याच वाटेवरची. घरातून पाय उचलला तेव्हापासून तो देशाच्या कामावर होता. तुझा अंगठा घेतला. "काय लिहिलं?" तू विचारलंस. मी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तू परत वाचायला लावलंस. मग म्हणालीस, "हे बेस लिहिलं." सात महिन्यांनी उत्तर आलं. जुन्या पत्राचा क्रमांक देऊन तेच. मी तेही कपाटात ठेवलं. कपाटात आता दोन पत्रं झाली आणि फाइल गोंदियालाच राहिली.

मग एक मेच्या झेंडावंदनाचा तो दिवस आला, आणि तिथून तुझं माझं बिनसलं. शहिदांच्या आई-बायकांचा सत्कार असतो हे तुला गावात कोणीतरी सांगितलं. तू मला न विचारता आलीस. नवं लुगडं, केसाला तेल, पायात कधी नव्हे त्या चपला. पुढच्या रांगेत ज्या खुर्च्या मांडल्या होत्या त्यांतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसलीस. शेजारच्या बाईशी बोलतही होतीस. हातात यादी घेतलेल्या साहेबांनी नावं जुळवली, एक माणूस जास्त भरला. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "ही कोण? यादीत नाही. बघ जरा."

मी तुझ्याजवळ आलो. वाकलो. म्हणालो, "माय, इथं ऊन आहे. तिकडं सावलीत बस."

तू वर पाहिलंस. "ऊन तं साऱ्याइले लागून राहिलं."

"चल ना, माय."

तू उठलीस. सगळ्यांसमोरून माझ्यामागे चालत आलीस, मंडपाच्या मागे जिथे पाण्याची पिंपं ठेवली होती तिथपर्यंत. तिथे खुर्ची नव्हती. तू उभीच राहिलीस. पुढे एकेकीचं नाव पुकारलं जात होतं, शाल, नारळ, टाळ्या. तू माझा हात मनगटाला धरलास आणि विचारलंस, "तू माह्यासंगं खोटं बोलून राहिला का, बाबू?"

मी म्हणालो, "नाही, माय."

"माह्या डोक्यावर हात ठेवून सांग."

तेवढ्यात मला कोणीतरी हाक मारली. नारळ कमी पडले होते. मी गेलो. परत आलो तेव्हा तू नव्हतीस. मी बसस्टँडपर्यंत सायकल मारत आलो, तुमसरची बस निघून गेली होती.

सहा महिने तू आली नाहीस. फोन केला तर उचलला नाहीस. त्या सहा महिन्यांत मी दोनदा तुझ्या गावाच्या फाट्यापर्यंत आलो आणि चहा पिऊन परतलो. नोव्हेंबरात मात्र तुला यावंच लागलं. पेन्शन चालू राहायचं तर माणूस जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तू वाकली होतीस, दम लागत होता, पायऱ्यांवर दोनदा बसलीस. मी फॉर्म भरला, साहेबांची सही आणली, शिक्का मारला. तू माझ्या हाताकडे पाहत होतीस. मग म्हणालीस, "मी जित्ती आहो हे लिहाले तुले वरून पत्र नाई लागत?"

थट्टेत म्हणालीस की रागात, मी आजवर ठरवू शकलो नाही. तू हसली होतीस, पण थोडीच. पिशवीतून पोह्यांची पुडी काढून टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. भांडण मिटलं असं मी मानलं. पिंपाजवळचा तो प्रश्न तू पुन्हा विचारला नाहीस. मी आपणहून उत्तर दिलं नाही. डोक्यावर हात ठेवायचा राहूनच गेला.

त्यानंतर तुझ्यानं प्रवास होईना. फोन करायचीस. "आलं का गोंदियावरून?" एवढंच. मी म्हणायचो, "नाही, माय." तू म्हणायचीस, "बरं." मग जेवला का, शोभा कशी आहे. कधीकधी 'बरं'नंतर तू फोन ठेवतही नव्हतीस आणि बोलतही नव्हतीस. बाजूला कोंबड्या ओरडताना ऐकू यायच्या. त्या वेळी मी काहीही बोललो असतो तरी तू ऐकलं असतंस.

फोन आला त्याच सकाळी मी वरठीहून मोटारसायकलनं निघालो ते थेट तुझ्या घरी. कमलाबाईंनी तुझा चेहरा उघडून दाखवला. भोजराजचा वर्दीतला फोटो भिंतीवर होता, मी निवडलेला तोच. तुला बावनथडी नदीच्या वाळूत नेलं. भोजराजच्या वेळी कौलांवर माणसं होती. तुझ्यामागे आम्ही तीस-पस्तीस जण. ना फुलांचं चक्र, ना माईक. कमलाबाईंच्या मुलानं अग्नी दिला.

सरण पेटल्यावर लोक वाळूत बसले. आपल्याकडे बसतात तसे, दोन-चार जण दोन शब्द बोलतात, मग उभं राहून शांतता पाळतात आणि घरी जातात. सरपंच बोलले, शाळेचे मास्तर बोलले. मग सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही सरकारातले. भोजराजच्या मायविषयी तुम्हीच सांगा. तिच्या त्या अर्जाचं काय झालं मंग?"

मी उभा राहिलो. खरं सांगायचं असंच मनात होतं, तुझ्या शपथेवर सांगतो. आता तुला काही लागणार नव्हतं. दोन्ही पत्रं, अकरा वर्षं, गोंदिया, सगळं त्या वाळूत ओतायचं आणि लोक काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हातारे, तुझ्या शेजारपाजारचे, ज्यांच्या धानाच्या बांधीत तू रोवणा लावलास ते. आणि माझ्या तोंडून निघालं, "गिरजाबाईंचा अर्ज मंजूर झाला आहे. भोजराज देशाच्या कामावर असताना शहीद झाला, असं सरकारनं मान्य केलं आहे."

एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मास्तर रडायला लागले, त्यांनी भोजराजला शिकवलं होतं म्हणे. सरपंचांनी तिथेच जाहीर केलं की ग्रामपंचायतीसमोर दगड बसवू, त्यावर नाव कोरू. लोक उठून उभे राहिले. कोणी घोषणा दिली नाही, टाळ्या नाहीत. नुसते उभे राहिले. आणि मला तुझा व्हरांड्यातला आवाज ऐकू आला, तुह्या तोंडानं सांग. माय, किती सोपं होतं. एक श्वास लागला. पत्र नाही, सही नाही, शिक्का नाही. तुला तर कागद नकोच होता. तू नुसतं माझं तोंड मागितलं होतंस. मी तुला अकरा वर्षं खोटं सांगितलं, आणि एवढ्या खोट्यांत तुला हवं होतं ते एकच खोटं दिलं नाही. तेही खोटं होतं का, हे मला आता कळत नाही. अर्जात तर मी तेच खरं म्हणून लिहिलं होतं.

इथे संपलं असतं तरी मी सोसलं असतं.

घाटावरून तुझ्या घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. अंगणात बाया बसल्या होत्या. कमलाबाई उठून माझ्यापुढे आल्या.

"मंजूर झालं म्हनते, खरं व्हय का जी?"

"हो."

"कवा आलं पत्र?"

आता मागे कसं फिरणार? मी म्हणालो, "काल."

कमलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काल?" त्या म्हणाल्या. "काल काहून फोन नाई केला मंग? काल तं जित्ती होती ते! सांजवेरी इथं बसून चहा पिऊन राहिली होती. मले म्हने, बाबूले फोन लावून दे. मीच म्हटलं, उद्या लावू, आता कार्यालय बंद झालं असन." त्यांनी दोन्ही हात तोंडावर मारून घेतले. "मीच म्हटलं, बाप्पा! एका रोजानं चुकलं! मी लावून देल्ला असता तं आयकून मेली असती ना ते!"

त्या उंबऱ्यावर बसल्या आणि कपाळ चौकटीवर आपटू लागल्या. बायांनी त्यांना धरलं. "मीच म्हटलं, मीच म्हटलं," एवढंच त्या म्हणत होत्या.

मी बघत होतो. खरं सांगितलं असतं तर त्यांचं ते आपटणं तिथेच थांबलं असतं. मी चपला शोधल्या, घातल्या आणि गाडी सुरू केली.

भोजराजला थांबवलेल्या त्या दोन दिवसांनी तुझं काय केलं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं, माय? तरी कमलाबाईंच्या पदरात मी एक दिवस टाकून आलो. जाऊन सांगायला हवं. काल निघालो होतो, फाट्यापर्यंत गेलो. आज हे लिहीत बसलो.

उद्या जाईन.